तिसऱ्या कडव्यातला खोकला

विद्यापीठाचं उपकेंद्र, रत्नागिरी.
'संगीत उद्योग आणि कायदा', दोन दिवसांचं चर्चासत्र.
मी कोपऱ्यात, मिक्सरमागे.
माझं काम एवढंच,
बोलणाऱ्याचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचवायचा
आणि शिट्टी वाजू द्यायची नाही.

डॉक्टर बेहेऱ्यांनी पडद्यावर कलमं टाकली.
रचणारा वेगळा, गाणारा वेगळा,
ध्वनिमुद्रण करणारा तिसराच,
तिघांचे हक्क तीन वाटांनी जातात म्हणे,
एका बांधावरून तिघांची गुरं जावीत तसे.
'तिसरा' म्हणताना
माझा हात आपोआप
त्यांचा आवाज कमी करून आला.

मग त्यांनी नमुना वाजवला.
शक्ती-तुऱ्याचं गाणं, ढोलकीच्या जागी मशीन,
यंदा प्रत्येक हळदीत वाजून वाजून झिजलेलं.
मागच्या रांगेतली पोरं खांदे उडवू लागली.
आणि मध्येच
ख्हं. ख्हं-ख्हं. ख्हं.
कुणाचा तरी खोकला
कापून, जोडून, ठेक्याला बसवलेला.

कंपनीचे वकील कारखानीस उठले.
हे पारंपरिक आहे, म्हणाले,
कर्ता अज्ञात,
परंपरेचा सातबारा नसतो.
हशा पिकला. मी तोही नीट पोचवला.

पहिल्या रांगेत शाहीर सोनू गोताड.
सकाळी मिळालेली शाल मांडीवर,
नारळ खुर्चीखाली.
त्यांना माइक उंच झाला, मी जाऊन खाली केला.
त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.
"शेवटचा कडवा कुटं हाय?"
कुणाला काही कळेना.
"शेवटच्या कडव्यात आमी गुरूचा नाव घालताव,
मंग आपला. रत्नू जोगळ्याचा चेला सोनू.
ता कापलाव,
आनि वर इचारताव, गाना कुनाचा?"

काय टाळ्या पडल्या!
बेहेरेबाई लिहून घेत होत्या.
मूळ ध्वनिमुद्रण मिळालं तर, त्या म्हणाल्या,
दावा उभा राहील.

चौऱ्याण्णवची गौरीपूजनाची रात्र,
माटवाच्या पोफळीला टांगलेला माइक,
अंगात ताप घेऊन नाचणारे शाहीर,
आणि माझा टेप, मेव्हण्यानं दुबईहून आणलेला.
चिपळूणच्या कॅसेटवाल्यानं आठशे दिले.
त्यातून पहिला कर्णा घेतला.
आज टेम्पोवर लिहिलंय 'श्री रवळनाथ साउंड', त्यातला 'श्री' तेवढा
त्या पैशांचा.

एक प्रत आहे घरी, बिस्किटाच्या डब्यात,
बुरशीनं पांढरी.
ती मी काढून देईन. देईनही कदाचित.
पण त्यात शेवटचं कडवं नाही.
कापलं नाही कुणी.
नव्वद मिनिटांची महाग होती,
मी साठाची लावली होती.

संध्याकाळी शाहिरांना सोडायला निघालो.
मागे स्पीकर, पुढे आम्ही दोघं,
पायाशी वळणावळणाला घरंगळणारा नारळ.
हातखंब्यापर्यंत ते गप्प.
मग म्हणाले, "खोकला माजा हाय.
आनि माइक तुजा व्हता."
गिअर कडकडला.
"कितीला इकलास?"
"आठशे."
"तवाच्या मानानं बरे दिल्यान."

मी सांगून टाकलं. टेप संपल्याचं, साठाचं, सगळं.
ते बराच वेळ काचेतून बाहेर बघत राहिले.
शाल घडी करून डॅशबोर्डवर ठेवली
आणि गायला लागले, आवाज न चढवता,
सरळ शेवटच्या कडव्यापासून.
आधी रत्नू जोगळे. मग सोनू.
मधे एक ट्रक हॉर्न मारत गेला,
ते थांबले, तो जाऊ दिला, पुन्हा तीच ओळ घेतली.

निवळीचा घाट लागला होता.
मोबाइल वरच्या खिशात,
माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर.